चौकांतील संगीत व त्याचें मोल

जी वस्तु फुकट मिळते तिची किंमत मनुष्य सहसा करीत नाहीं. ऊन, वारा व पाऊस यांचें बिल आपल्या घरीं कधीं येत नाहीं. म्हणून त्यांबद्दल आभार मानण्याचेंही आपणांस सुचत नाहीं. संगीताचीही पुष्कळदां हीच गत होते. न्यूयॉर्क शहराच्या जुन्या वस्तींत वॉशिंग्टन स्क्वेअर नांवाचा एक विस्तीर्ण चौक आहे. तेथें उन्हाळ्यांत उघड्या आकाशाखालीं उत्तम वादकांचे जलसे होतात, व ते ऐकण्यास एक पैसाही पडत नाहीं. ह्या जलशांची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावी, आणि ती सांगतां सांगतां, जें ऐकणारास फुकट मिळतें त्याची किंमत खरोखर कोण देतो, ह्या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हें संगीत कोणतें तें पाहूं. पाश्चात्त्य संगीतांत चेंबर म्युझिक म्हणून एक प्रकार आहे. चेंबर म्हणजे दालन. सरदारांच्या व धनिकांच्या वाड्यांतील दालनांत थोड्या वादकांनीं थोड्या श्रोत्यांकरितां वाजवावयाचें, म्हणून हें नांव पडलें. मोठ्या वाद्यवृंदांत दहाबारा जण मिळून एकच सुरावट वाजवितात, व त्यांच्यापुढें हातांत छडी घेऊन संचालक उभा असतो. दालनसंगीतांत प्रत्येक सुरावटीस एकच वादक. दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक चेलो अशी चौघांची मंडळी हा त्याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. ह्यांतील एक जण थांबला तर त्याची जागा दुसरा भरून काढीत नाहीं. संचालक नसल्यामुळें चौघेही एकमेकांच्या डोळ्यांकडे, श्वासाकडे व गजाच्या हालचालीकडे लक्ष ठेवून वाजवितात. हायडन, मोझार्ट व बेथोव्हन ह्या थोर रचनाकारांनीं आपल्या प्रतिभेचें पुष्कळसें धन ह्याच प्रकारांत सांठविलें आहे.

दालनांतलें हें संगीत अंगणांत व चौकांत फार पूर्वींच आलें. इ. स. १७८१ मध्यें मोझार्टनें व्हिएन्ना शहरीं दोन क्लॅरिओनेट, दोन हॉर्न व दोन बासून अशा सहा फुंकवाद्यांकरितां एक रचना केली. संत तेरेसेच्या सणाच्या रात्रीं ती तीन ठिकाणीं वाजविली गेली. एके ठिकाणीं संपली कीं वादकांस दुसरीकडे नेत, व तेथें पुन्हां मोबदला देऊन वाजवावयास सांगत. हे सहाही जण गरीब असून फार गोड वाजवितात, असें मोझार्टनें वडिलांस लिहिलें. पुढें ३१ ऑक्टोबर रोजीं, मोझार्टच्या नामदिनीं, रात्रीं अकरा वाजतां, तो निजण्याच्या तयारींत असतां, हेच सहा वादक त्याच्या घराच्या अंगणांत आले व त्यांनीं त्याचीच रचना त्यास ऐकविली. ज्यांच्याजवळ देण्यासारखें दुसरें कांहीं नव्हतें त्यांनीं आपली कला दिली. ह्याहून मोठी भेट ती कोणती?

ह्या रचनेंत तंतुवाद्यें नसून फुंकवाद्यें होतीं, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. बंद दालनांत भिंती, छत व लांकडी जमीन ध्वनि परत फेंकतात; त्यामुळें व्हायोलिनचा नाजूक स्वर भरदार होऊन कानीं पडतो. उघड्यावर हें साहाय्य मिळत नाहीं. तेथें अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चौथाईवर येते. म्हणून बाहेरच्या कार्यक्रमास फुंकवाद्यें अधिक सोईचीं. आपल्या इकडेही देवळाच्या नगारखान्यावर सनई वाजते, सतार नव्हे. आणि सनई व बासून ह्या दोहोंच्याही तोंडाशीं दुहेरी पत्ती असते. तंतुवाद्यांस बाहेर आणखीही अडचणी असतात. दमट हवेनें व उष्म्यानें तारांचे स्वर हलतात, कडक उन्हानें लांकडास अपाय होतो, आणि वाऱ्यानें स्वरलिपीचे कागद उडूं नयेत म्हणून त्यांस चिमटे लावून ठेवावे लागतात. असें असतांही आपलीं जपून ठेवलेलीं वाद्यें घेऊन वादक चौकांत येऊन बसतात. त्यांनीं दिलेल्या किंमतीचा हा एक भाग झाला.

आतां पुन्हां न्यूयॉर्कच्या चौकाकडे वळूं. इ. स. १७९७ मध्यें शहरानें ही जमीन निराश्रित व अनोळखी मृतांच्या दफनाकरितां घेतली. पीतज्वराच्या सांथींत मेलेलेही येथेंच पुरले गेले. १८२५ पर्यंत ही दफनभूमि चालू होती, व वीस हजारांवर देह अद्यापि ह्या भूमीखालीं आहेत असा अंदाज आहे. १८२६ मध्यें येथें लष्करी कवाइतीचें मैदान झालें व पुढल्या वर्षीं सार्वजनिक बाग झाली. चौकाच्या उत्तरेस असलेली संगमरवरी कमान स्टॅनफर्ड व्हाइट ह्या वास्तुकारानें योजिली असून ती १८९२ मध्यें उभी राहिली. ज्यांस मूठभर मातीही विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्यांच्या विश्रांतिस्थानावर आज कोणासही दाम न मागतां संगीत ऐकविलें जातें, हा योग आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

१९५३ च्या उन्हाळ्यांत अलेक्झांडर श्नायडर ह्या व्हायोलिनवादकानें ह्या चौकांत जलशांस आरंभ केला. बुडापेस्ट चतुष्काचा वादक म्हणून त्याची कीर्ति सर्वत्र झाली होती, व मोठमोठ्या सभागृहांत लोक तिकिटें काढून त्यास ऐकत. असा मनुष्य आपण होऊन रस्त्यावर आला. त्या वेळीं चौकांतून मोटारींची रहदारी चाले. रहिवाशांनीं चिकाटीनें झगडून ती पुढें १९५८ मध्यें थांबविली. म्हणजे आरंभींच्या श्रोत्यांस मोटारींच्या आवाजांतूनच संगीत वेंचून घ्यावें लागलें असेल. त्या वेळीं लावलेलें रोप पुढें वॉशिंग्टन स्क्वेअर म्युझिक फेस्टिव्हल ह्या नांवानें वाढलें.

पण वादकासही पोट आहे. रोज कित्येक तास रियाज करणाऱ्या मनुष्यानें नेहमींच फुकट वाजवावें, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. ह्या बाबतींत अमेरिकेंत एक बोधप्रद घटना घडली. ध्वनिमुद्रिका व रेडिओ यांच्या प्रसारामुळें प्रत्यक्ष वाजविणारांचीं कामें जाऊं लागलीं. तेव्हां १ ऑगस्ट १९४२ पासून तेथील वादकांच्या संघानें ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. मोठमोठ्या कंपन्यांनीं १९४४ च्या अखेरपर्यंत दाद दिली नाहीं. शेवटीं विकलेल्या मुद्रिकांमागें ठराविक रक्कम एका निधींत भरण्याचें त्यांनीं मान्य केलें. १९४७ च्या कायद्यानें संघाच्या हातून हा निधि काढला गेला. म्हणून १९४८ मध्यें तो स्वतंत्र विश्वस्ताकडे सोंपविण्यांत आला. ह्या निधींतून वादकांस वेतन मिळतें, आणि जलसा लोकांस विनामूल्य असावा ही त्याची अट आहे. यंत्रानें जें हिरावून घेतलें त्याचा थोडा अंश अशा रीतीनें वादकांस व लोकांस परत मिळतो. ह्याखेरीज नागरिकांच्या देणग्या असतातच. तात्पर्य, फुकट जलसा म्हणजे ज्याचें मोल दुसऱ्या कोणीं तरी आधींच चुकतें केलें आहे असा जलसा.

मग श्रोत्यानें कांहींच द्यावयाचें नाहीं काय? आमच्या मतें त्यानेंही द्यावयाचें आहे, व तें म्हणजे अवधान. सभागृहाच्या भिंती वादकास साहाय्य करितात. चौकांत भिंती नसतात, म्हणून त्यांचें काम श्रोत्यांच्या शांततेनें करावें लागतें. एकानें केलेली कुजबूज दहा जणांचा स्वर हिरावून घेते. आमच्या स्नेहसंमेलनांत लहान मुलें महिनाभर बसविलेलें गीत गात असतां मागच्या रांगांत गप्पा चाललेल्या आम्हीं पाहिल्या आहेत, आणि खरें सांगावयाचें तर त्या गप्पांत आम्हीही कधीं कधीं सामील झालों आहों. त्या मुलांस आम्हीं कांहीं दिलें नाहीं. उलट त्यांचें घेतलें.

विद्यार्थिमित्रहो, शाळेच्या प्रार्थनेंतील गीत, देवळांतील कीर्तन किंवा चौकांतील वाद्य तुमच्या कानीं पडेल, तेव्हां त्यामागें कोणाचे तरी श्रम व कोणाचा तरी पैसा आहे हें आठवा. पालकांसही आमची विनंति आहे कीं, त्यांनीं मुलांस अशा ठिकाणीं न्यावें व त्यांच्याजवळ स्वतः शांत बसावें. फुकट मिळालेल्या वस्तूची परतफेड करण्याची ही पहिली पायरी होय.