मोटारीला टायर कोणते घ्यावेत?

पनवेल तालुक्यातील विचुंबे हे गाव नवीन पनवेलला अगदी लागून आहे. तेथून कळंबोली गाठली की मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लागतो. सुमारे ९४ किलोमीटर लांबीचा हा सिमेंट काँक्रीटचा रस्ता २००२ साली पूर्णपणे वाहतुकीस खुला झाला. पनवेलच्या बाजूला सपाट प्रदेश, पुढे बोरघाटाचा चढ, आणि जून ते सप्टेंबर कोकणचा धुवाधार पाऊस असे या रस्त्याचे रूप आहे.

समजा, विचुंब्यातील एका कुटुंबाकडे ताकदवान इंजिनाची, ऐटबाज सेडान मोटार आहे. तिचे टायर झिजले आहेत आणि पावसाळा तोंडावर आला आहे. दुकानदार म्हणतो, “थोडे रुंद घ्या, गाडी रस्त्याला चिकटून चालेल.” शेजारी म्हणतात, “जास्त टिकतील ते घ्या.” मित्र म्हणतो, “कोणतेही घ्या. द्रुतगती मार्गावर जाताना हवा थोडी कमी ठेवा म्हणजे झाले.” यांपैकी कोणाचे ऐकावे? त्याआधी आपण शाळेत शिकलेल्या भौतिकशास्त्राला काय वाटते ते पाहू.

पंजाएवढा आधार

माणसांसह मोटारीचे वजन १६०० किलोग्रॅम धरा. म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ४०० किलोग्रॅम भार आला. टायरमधील हवेचा दाब ३६ पौंड आहे असे पंपावरचा माणूस म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘दर चौरस इंचास ३६ पौंड’ असा असतो. आपल्या मापात तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.५ किलोग्रॅम होतो. भाराला दाबाने भागले की टायर जमिनीला किती जागेत टेकतो ते ढोबळमानाने मिळते.

४०० ÷ २.५ = १६० चौरस सेंटिमीटर

म्हणजे मोठ्या माणसाच्या हाताच्या पंजाएवढी जागा! वेग वाढवणे, वळणे आणि थांबणे ही सारी कामे मोटार अशा चार पंजांवर करते.

आता या गणितात टायरची रुंदी कोठे आली? कोठेच नाही. भार आणि दाब तेच राहिले, तर रुंद टायर घेतल्याने टेकणारी जागा फारशी वाढत नाही, फक्त तिचा आकार बदलतो. पूर्वी ती लांबट होती, आता आडवी आणि आखूड होते. कोरड्या रस्त्यावर वेगाने वळण घेताना या आडव्या आकाराचा फायदा होतो. पावसात मात्र वेगळेच घडते.

बादलीभर पाणी, एका सेकंदात

रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी साचले आहे. टायर २२५ मिलिमीटर रुंद आहे आणि मोटारीचा वेग ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर आहे. टायरला आपल्या वाटेतले किती पाणी बाजूला सारावे लागेल?

०.२२५ × ०.००३ × २७.८ = ०.०१९ घनमीटर

म्हणजे सेकंदाला १९ लिटर! एक टायर दर सेकंदाला जवळजवळ एक बादली पाणी बाहेर फेकत असतो. त्यासाठीच त्याच्यावर खोल खाचा असतात. हे पाणी वेळेत हटले नाही, तर टायरखाली पाण्याची पाचर शिरते, टायर उचलला जातो आणि मोटार पाण्यावरून घसरत जाते. अशा वेळी सुकाणूही चालत नाही आणि ब्रेकही लागत नाही. टायर जितका रुंद तितके पाणी जास्त, आणि टेकणारी जागा जितकी आखूड तितका ते हटवायला वेळ कमी. म्हणून कोकणात राहणाऱ्याने ‘रुंद तेवढे चांगले’ हा सल्ला डोळे मिटून मानू नये.

अमेरिकेतील नासा या संस्थेत वॉल्टर होर्न यांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरांवर प्रयोग केले. हे घसरणे कोणत्या वेगाला सुरू होते याचे एक सोपे सूत्र त्यांतून निघाले. दाबाचे (पौंडांत) वर्गमूळ काढा आणि त्याला १६.७ ने गुणा. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येते. दाब ३६ असेल तर ६ × १६.७, म्हणजे सुमारे १००. दाब २५ वर उतरला तर ५ × १६.७, म्हणजे सुमारे ८३. मोटारीच्या टायरला हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही. खाचा खोल असतील तर थोडा जास्त वेगही सुरक्षित ठरतो. टायर झिजून गोटा झाला असेल तर धोका वाढतो. पण हवा कमी झाली की पाण्यावर घसरण्याची वेळ लवकर येते, ही गोष्ट त्यातून नेमकी कळते.

नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. आपल्या देशातील नियमाप्रमाणे मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ होता कामा नये. खाचांच्या तळाशी मुद्दाम ठेवलेले लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो बदलायलाच हवा. शहाणा माणूस मात्र पावसाळ्यापूर्वी याहून बराच आधी टायर बदलतो.

थांबायला किती जागा लागते?

ब्रेक दाबल्यावर मोटारीची गतिज ऊर्जा घर्षणाने संपवावी लागते. त्यावरून थांबण्याचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × घर्षणगुणांक × ९.८) असे सूत्र निघते. ताशी १०० किलोमीटर वेग घ्या. कोरड्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.८ धरला तर अंतर ४९ मीटर येते. ओल्या रस्त्यावर तो ०.५ झाला तर ७९ मीटर, आणि ०.४ झाला तर ९८ मीटर. ब्रेक दाबण्यापूर्वी चालकाचा विचारात गेलेला वेळ यात धरलेलाच नाही.

०.५ आणि ०.४ यांतला फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. रस्त्यावर तो १९ मीटरचा, म्हणजे चार मोटारी एकामागे एक उभ्या राहतील एवढा असतो. मोटार पुढच्या ट्रकमागे थांबते की त्याच्यावर आदळते, हे कित्येकदा एवढ्या अंतरावर ठरते.

हा फरक टायरच्या रबरातून येतो. मऊ रबर रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरते, म्हणून पकड चांगली, पण झीज लवकर. कडक रबर टिकते, पण त्याची पकड बहुधा कमी. काही टायरांवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे आकडा असतो. तो जितका मोठा तितका टायर झिजायला अधिक काळ लागतो. शेजाऱ्यांचा सल्ला पैशांच्या दृष्टीने बरोबर असेल, परंतु ताकदवान मोटारीसाठी ओल्या रस्त्यावरची पकड आधी पाहावी आणि टिकाऊपणा नंतर. रबरात काजळीबरोबर सिलिका मिसळण्याची रीत १९९० च्या दशकापासून रुळली आणि चांगली पकड व कमी इंधनखर्च यांचा मेळ घालणे पुष्कळ सोपे झाले.

टायर वाचायला शिका

टायरच्या कडेवर २२५/४५ आर १७ ९४ डब्ल्यू असे काही लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. आर म्हणजे रेडियल रचना. १७ हा रिमचा व्यास, इंचांत. ९४ हा भाराचा सांकेतिक अंक. त्याचा अर्थ एका टायरला जास्तीत जास्त ६७० किलोग्रॅम. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर वेगापर्यंतची क्षमता.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे एवढा वेग कायद्याने चालतच नाही, मग डब्ल्यू कशाला? वेगाचे हे अक्षर टायरची उष्णता सोसण्याची ताकदही सांगते. म्हणून मोटार बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या भारापेक्षा व वेगापेक्षा कमी प्रतीचा टायर बसवू नये.

आता व्यास काढू. भिंतीची उंची २२५ × ०.४५ = १०१ मिलिमीटर. दोन भिंती आणि ४३२ मिलिमीटरची रिम मिळून ६३४ मिलिमीटर. याच रिमवर २२५/५० मापाचा टायर चढवला तर व्यास ६५७ होतो, म्हणजे साडेतीन टक्क्यांहून अधिक. मग वेगमापक १०० दाखवील तेव्हा मोटार खरे तर जवळजवळ १०४ ने धावत असेल!

त्याच कडेवर चार आकड्यांची एक संख्या शोधा. २३२५ असेल तर टायर २०२५ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. रबर नुसते पडून राहिले तरी ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णता यांमुळे कडक होते, त्याला भेगा पडतात. तेव्हा दुकानात ही तारीख न पाहता पैसे देऊ नयेत.

हवा कमी ठेवावी काय?

आता मित्राचा सल्ला पाहू. धावताना टायर तापतो, आतली हवा प्रसरण पावू पाहते, म्हणून आधीच हवा कमी भरावी, असे पुष्कळांना वाटते. हा सर्वांत घातक गैरसमज आहे.

वायूच्या नियमाने हिशेब करू. तापमान २७ अंशांवरून ५७ अंश सेल्सिअस झाले, म्हणजे ३०० वरून ३३० केल्व्हिन, दहा टक्के वाढ. वातावरणाचे १५ पौंड मिळवून एकूण दाब ५१; तो दहा टक्क्यांनी वाढून ५६ झाला. १५ वजा केले की उरले ४१. म्हणजे ३६ चे ४१ झाले. धडधाकट टायर एवढी वाढ सहज सोसतो. तिचा विचार आधीच केलेला असतो.

उलट हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेरीत जास्त वाकते. वरील टायर एका किलोमीटरमध्ये सुमारे ५०० फेरे घेतो. द्रुतगती मार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे ४७ हजार! तार वारंवार वाकवली की गरम होऊन तुटते, तसेच येथे होते. रबर तापते, आतील थर सुटतात आणि टायर फुटतो. म्हणून हवा थंड टायरमध्ये, मोटारीच्या दारापाशी लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी आणि तापलेल्या टायरमधून काढू नये. नायट्रोजन भरला तरी हे तपासणे सुटत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

तर मग निवड कशी करावी?

माप, भार आणि वेगाचे अक्षर मूळचेच ठेवावे. ओल्या रस्त्यावरची पकड उत्तम असलेला, ताजा टायर घ्यावा. बर्फासाठी बनवलेले टायर कोकणात निरुपयोगी. काही महागड्या मोटारींना स्टेपनी नसते. त्यांचे रन-फ्लॅट टायर हवा गेल्यावरही साधारणपणे ताशी ८० च्या आत ८० किलोमीटरपर्यंत नेतात, पण भिंती ताठ असल्याने खड्ड्यांत धक्के जास्त बसतात. त्यांच्या जागी साधे टायर घ्यायचे तर स्टेपनीची सोय आधी करावी. चारऐवजी दोनच टायर परवडत असतील तर नवे मागे लावावेत. पुढची चाके घसरली तर मोटार सरळ जाऊ लागते आणि वेग कमी करून बहुधा सावरता येते. मागची घसरली तर ती गरकन फिरते.

करून पाहा

उभ्या असलेल्या एखाद्या मोटारीच्या टायरवरील माप वहीत उतरवा. त्यावरून व्यास, परीघ आणि एका किलोमीटरमधील फेरे काढा. नंतर बारीक पट्टीने खाचेची खोली मोजा आणि तयार झाल्याचा आठवडा शोधा. खाच उथळ आढळली किंवा टायर फार जुना निघाला, तर मालकाला जरूर सांगा. तुमच्या वहीतला हा हिशेब पावसाळ्यात कोणाचा तरी जीव वाचवू शकेल.