साथ आली की हृदयरुग्णाच्या घरी काय करायचं

कंधारहून नांदेड लोह्यावरून साधारण 50 किलोमीटर. मार्च 2020 मध्ये एसटी थांबली आणि स्टेंट बसवलेला, बायपास झालेला, 'पंपिंग कमी' सांगितलेला माणूस तपासणीविना घरात अडकला. त्या काळात देशभरच्या रुग्णालयांत हार्ट अटॅकचे रुग्ण एकदम कमी दिसू लागले. अटॅक येणं थांबलं नव्हतं, माणसं कोरोनाच्या भीतीने घरीच बसत होती. पुन्हा साथ आली तर घरातल्या माणसांनी पुढची तयारी करावी. साथीची बातमी आली त्याच आठवड्यात ती सुरू करावी, रस्ते बंद होण्याची वाट पाहू नये.

आधी गोळ्या. महिनाभराचा साठा घरात ठेवा आणि आठवड्याचा उरला की पुढचा आणा. रिकामी पाकिटं फेकू नका. दुकानात नेहमीची कंपनी नसली तर त्यावरचं नाव दाखवून तेच औषध, तेवढ्याच मात्रेचं, दुसऱ्या कंपनीचं मागता येतं. स्टेंटनंतरची रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना न विचारता एक दिवसही चुकवू नका. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या बीपीच्या गोळ्यांनी कोरोना बळावतो, अशी आवई 2020 मध्ये उठली होती. ब्राझीलमधल्या ब्रेस कोरोना चाचणीत कोरोनाने दाखल झालेल्या काही रुग्णांच्या अशा गोळ्या थांबवून पाहिल्या. काही फायदा दिसला नाही, म्हणून त्या मनाने थांबवू नका. अंगदुखीला डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मात्र मनाने घेऊ नका, त्याने अंगात पाणी साठतं. काढ्यातलं ज्येष्ठमध रोज घेतलं तर बीपी वाढतं. काढा घरचा आहे म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही.

मग एक वही करा. पहिल्या पानावर आजार, ऑपरेशनची तारीख, गोळ्यांची नावं आणि वेळा. पुढे रोजची नोंद: वजन, बीपी, नाडी. वजन सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत, फरशीवर काटा ठेवून करायचं. पंपिंग कमी असलेल्याचं वजन तीन दिवसांत दोन किलोने वाढलं तर ते अंगावर चढलेलं मांस नव्हे, साठलेलं पाणी असतं. पायावर बोट दाबलं की खळगा राहतो का, रात्री एका उशीऐवजी दोन लागतात का, झोपेतून दम लागून उठावं लागतं का, हेही लिहा. असं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि वहीतले आकडे वाचून दाखवा. नुसतं 'बरं वाटत नाही' म्हटल्यावर फोनवरच्या डॉक्टरला काय कळणार?

मिठाचा प्रश्न आपल्याकडे अवघड. लॉकडाऊन लागला तोच वाळवणांचा हंगाम! पापड, कुरवड्या, वर कैरीचं लोणचं आणि भाकरीवर ठेचा. दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. रुग्णाच्या वाटचं सकाळीच वाटीत काढून ठेवा. भाजी-आमटीतलं त्याच वाटीतून घालायचं, लोणचं-पापड खाल्लं तर तेवढं वाटीतून कमी करायचं. बाजारातलं 'कमी सोडियम' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. त्यातलं पोटॅशियम काही गोळ्यांबरोबर घातक ठरतं. मे महिन्यात ऊन बेचाळीस अंशांच्या पुढे जातं आणि घामाने अंगातलं पाणी कमी होतं. पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी चालू असलेल्याला उठताना चक्कर येऊ लागली तर मात्रा बदलायची का, तेही विचारावं लागतं.

चालणं सोडू नका. पहाटे अंगणात किंवा गच्चीवर, चालता चालता एक सरळ वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. आणि वडीलधाऱ्या माणसाला कोपऱ्यातल्या खोलीत टाकून ताट दाराशी सरकवू नका. अंतर राखून, मास्क लावून दारातून गप्पा मारता येतात. घरातलं बोलणं तुटलं आणि झोप बिघडली की माणूस गोळ्याही टाळायला लागतो, ही गोष्ट औषधाच्या चिठ्ठीवर कुठेच नसते.

छातीत दाब आला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, घाम फुटला, तर माणसाला बसवा. चालवत दवाखान्यात नेऊ नका. डॉक्टरांनी जिभेखालची गोळी दिली असेल तर बसवूनच द्या; चक्कर येत असेल किंवा बीपी कमी असेल तर नको. 108 ला लगेच फोन लावा, गोळीचा गुण यायची वाट पाहत बसू नका. 'ॲसिडिटी असंल' म्हणून सोडा पाजण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरत असतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त उपयोगी पडतं, म्हणून जवळ जिथे ईसीजी निघेल तिथे आधी पोहोचा आणि तिथून पुढे नांदेड की लातूर ते ठरवा.

यासाठी पिशवी आधीच भरलेली हवी: वही, जुने ईसीजी, गोळ्या, आधार, रेशनकार्ड. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते आणि मे 2020 मध्ये ही योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली झाली होती. गाडी कोणाची आणि रात्री ती चालवणार कोण, हे शेजाऱ्याला दिवसाउजेडी विचारून त्याचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.