दुग्धानुपान आणि वैद्याचे उत्तरदायित्व

चरकाचार्यांनी आठ प्रकारच्या दुधांचे गुण सांगून गोदुग्धास श्रेष्ठ जीवनीय मानले. माहिष दुग्ध गुरू व निद्राकर सांगितले. परंतु हे दूध कोणत्या रीतीने काढले जाते, याचाही विचार अनुपान लिहिणाऱ्या वैद्याने करावयास हवा.

शहरातील म्हशी गोरेगावी हलविण्यासाठी १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. तरीही तबेल्याच्या व्यवसायातील मूळ पेच सुटला नाही. नर रेडकू पोसणे मालकास परवडत नाही. ते दगावले की पान्हा सोडविण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचण्याचा मोह होतो. दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक इंजेक्शन देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ अन्वये गुन्हा आहे.

‘फुंका’ या अशाच क्रूर प्रथेची माहिती वाचल्यावर महात्मा गांधींनी १९१२ साली दूध वर्ज्य केले. १९१९ साली मुंबईत रुग्णावस्थेत त्यांनी शेळीचे दूध स्वीकारले. व्रताचा शब्द राखला, आत्मा गमावला, ही खंत त्यांना राहिली.

यावरून व्यवहारात तीन गोष्टी पाळाव्यात. दूध लिहिण्यापूर्वी रुग्णास ते चालते का, हे विचारावे. घाटकोपर-मुलुंडमध्येही दूध वर्ज्य करणारे रुग्ण आता भेटतात. त्यांना सोयाबीनचे दूध समगुणी म्हणून देऊ नये. कल्पनाच बदलून क्वाथ वा चूर्ण योजावे. सिद्धघृत, क्षीरपाक व कुचला-शोधनासाठी दूध-तूप घेणाऱ्या औषधनिर्मात्यांनी वासरास त्याचा वाटा मिळतो का, याची पुरवठादाराकडे चौकशी करावी. द्रव्यशुद्धीत ही शुद्धीही अंतर्भूत असावी.