पबमधलं प्रवचन

१. पबमध्ये विज्ञान सांगायचं म्हणजे स्लाइड्स कमी करायच्या, एवढीच माझी समजूत होती. ब्रिटनमध्ये २०१३ पासून साधारण मे महिन्यात ‘पिंट ऑफ सायन्स’ भरतं. संशोधकांनी पबमध्ये यायचं, ग्लास घेऊन बसलेल्या लोकांना आपलं काम सांगायचं. लंडनमधल्या एका पबच्या माडीवर मला वीस मिनिटं मिळाली. मी इमानेइतबारे चाळीस स्लाइड्सच्या बावीस केल्या. तिसऱ्या स्लाइडला खालच्या टीव्हीवर कुणीतरी गोल मारला आणि माझा आलेख त्या आरोळीत वाहून गेला. कॉन्फरन्समध्ये कंटाळलेली माणसं लॅपटॉपमध्ये तोंड खुपसतात. इथे ती सरळ उठून दुसरा ग्लास आणायला जातात. दहा मिनिटांत सात जण गेले. (परत पाच आले.)

२. आईला आधीच खरं सांगून टाकावं. मी साताऱ्याला फोनवर सांगितलं होतं, मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेची मंडळी २००९ पासून ‘चाय अँड व्हाय?’ नावाच्या विज्ञानगप्पा करतात ना, पृथ्वी थिएटरमध्ये, तसंच काहीसं आहे. मग हौसेनं फोटो पाठवला. माझ्या डोक्यामागे बाटल्यांची रांग. आईचं उत्तर आलं, “चहाचे बरेच प्रकार मिळतात की तिथे.”

३. तयारी केली ती वाया जाते आणि ऐनवेळी हाताला लागतं तेच कामाला येतं. माझा विषय यीस्टचं म्हातारपण. एका पेशीला कोंब फुटतो, तो वाढतो, सुटा होतो. मोठीला आम्ही आई म्हणतो, धाकटीला मुलगी. हे लाडाचे शब्द नव्हेत, शोधनिबंधांतही असंच लिहितात. प्रोजेक्टर मधेच बंद पडला, तेव्हा मी पुढच्या टेबलावरच्या बशीतलं एक ऑलिव्ह उचललं आणि त्याला शेंगदाणा टेकवला. ही आई, ही मुलगी. शेंगदाणा काढला आणि त्या जागी नखानं खूण केली: प्रत्येक बाळंतपणाचा असा एक व्रण आईच्या अंगावर राहतो, आणि साधारण पंचवीस मुलींनंतर ती थकते. माडीवर पहिल्यांदाच शांतता पसरली. बावीस स्लाइड्सना जे जमलं नव्हतं, ते एका ऑलिव्हनं केलं. ते कुणाचं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

४. आपला विषय आपल्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस बहुधा कोपऱ्यात बसलेला असतो. शेवटी टाळ्या मिळाव्यात म्हणून मी एक वाक्य राखून ठेवलं होतं: “तुमच्या ग्लासातलं यीस्ट शेवटी स्वतःच केलेल्या मद्यात मरतं!” टाळ्या झाल्याही. मग कोपऱ्यातून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “तुमच्या हातातली बिअर किती टक्क्यांची?” मी बाटली पाहिली. चार. “चार टक्क्यांनी यीस्ट मरत नाही, बाई. साखर संपली की ते थांबतं, एवढंच.” त्यांचा जन्म ब्रुअरीत गेला होता. टाकीवर आलेला यीस्टचा फेस काढून ठेवायचा आणि पुढच्या घाण्याला तोच लावायचा. मेलेलं यीस्ट पुढच्या टाकीला कसं चाललं असतं? म्हणजे थेट आपल्या विरजणासारखं! यीस्ट बिघडलं की ते त्यांना वासावरून कळायचं. माझं यीस्ट उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये असतं. दहा वर्षांत मी त्याचा वास मुद्दाम कधी घेतलेला नाही. घरी जाताना आणखी एक गोष्ट आठवली. माझ्या प्रत्येक आलेखाखाली जी टी-टेस्ट ही संख्याशास्त्रातली चाचणी असते, ती विल्यम गॉसेट यांनी गिनेसच्या ब्रुअरीत नोकरी करताना काढली आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं छापली. म्हणजे ब्रुअरीवाल्यांची मी आधीपासूनच देणेकरी होते, आणि निघाले होते त्यांनाच शिकवायला.

५. पहिल्या ग्लासापेक्षा दुसऱ्या ग्लासानंतरचे प्रश्न चांगले असतात. तिसऱ्यानंतरच्यांना फक्त मान डोलवावी.

६. उत्तर माहीत असणं आणि ते देता येणं यांत पुष्कळ अंतर आहे. रिकामे ग्लास गोळा करणाऱ्या मुलीनं जाता जाता विचारलं, “आई थकलेली असताना मुलगी तरुण कशी जन्मते?” माझं सगळं संशोधन या एका प्रश्नावर उभं आहे. मी उत्साहात चार प्रथिनांची नावं घेतली. ती छान हसली आणि ग्लास घेऊन निघून गेली. रविवारी आईनं फोनवर विचारलं, “काय सांगितलंस गं त्या चहावाल्यांना?” मी ऑलिव्हऐवजी आल्याच्या कोंबापासून सुरुवात केली. आणि तिनंही नेमकं तेच विचारलं. आता मराठीत त्या प्रथिनांची नावं घेऊन काय उपयोग! थोडी अडखळले आणि म्हणाले, “पेशीत जे मोडकंतोडकं, खराब झालेलं असतं ना, त्यातलं बहुतेक आई स्वतःकडे ठेवून घेते. मुलीकडे जाऊ देत नाही.”

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आणि हे बघायला मायक्रोस्कोप लागतो?”