पोरांचा वेष घरीच, पोरांच्या हातानं



डिसेंबर लागला की शाळेतून निरोप येतो. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, १२ जानेवारीला जिजाऊंची, पुढं २६ जानेवारी, त्यातच स्नेहसंमेलन. अंगणवाडीतल्या पोरांनाही ‘काहीतरी बनवून पाठवा’ म्हणतात. मग आपली धावपळ. तालुक्याच्या गावाहून वेष भाड्यानं आणायचा, त्याचं भाडं, वर अनामत, गाडीखर्च, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. एवढं करून वेष अंगावर राहतो दहा-पंधरा मिनिटं. ज्या बाईला हे झेपत नाही तिचं लेकरू त्या दिवशी ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी बसतं. बैठकीत हा विषय कोणी काढत नाही, कारण पोटदुखीचं खरं कारण सांगायला लाज वाटते. म्हणून या महिन्याचा पाठ वेषभूषेचा.

आधी गोष्ट, मग कापड

पोराला आधी विचारा, तुला कोण व्हायचंय? मग त्या माणसाची गोष्ट सांगा आणि गोष्टीतली एक वस्तू त्यालाच निवडू द्या. सावित्रीबाईंचंच बघा. नायगावात १८३१ साली जन्मल्या, १८४८ मध्ये जोतिरावांसोबत पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या दुसरं लुगडं सोबत ठेवायच्या. आता पोरीच्या हातात नुसतं पुस्तक देण्यापेक्षा पिशवीत एक घडी घातलेलं लुगडं देऊन बघा. बाईंनी विचारलं, “हे कशाला गं?” तर ती आपणहून सांगेल. पाठ केलेलं भाषण स्टेजवर विसरतं, हातातल्या वस्तूची गोष्ट सहसा विसरत नाही.

लुगड्यासाठी जुन्या सुती साडीचा निम्मा तुकडा पुरतो, म्हणजे पावणेतीन मीटरच्या आसपास. तो उभा दुमडला की पन्हा निम्मा होतो आणि पाच-सहा वर्षांच्या पोरीला कमरेपासून खाली जवळपास बसतो. माप दोऱ्यानं घ्या, दोऱ्याचं एक टोक पोरीलाच धरायला सांगा. लुगडं घोट्याच्या वर चार बोटं राहू द्या, नाहीतर पायात येऊन पडेल. आत चड्डी घाला, काष्टा खोचल्यावर तिथं आणि निऱ्यांवर दोन-चार टाके मारा. टाचणी नकोच. सेफ्टी पिनही लहान पोराच्या अंगावर शक्यतो टाळा.

गाडगेबाबांचं गाडगं

पोरगा असेल तर गाडगेबाबांचा वेष मला सगळ्यात सोयीचा वाटतो. ठिगळाचा सदरा, हातात खराटा, डोक्यावर गाडगं. पण खरं मातीचं गाडगं पोराच्या डोक्यावर ठेवू नका, जड होतं आणि पडून फुटलं तर लागतं. कागदाचं करा.

पोराच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं, तोंडाशी रुंद असं पातेलं पालथं घाला. पोरांना जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडायला बसवा. हे काम तीन वर्षांचं लेकरूही करतं आणि आवडीनं करतं. गव्हाच्या पिठाची पातळ खळ शिजवून थंड करा. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, त्याला खळ लावायची नाही, म्हणजे वाळल्यावर गाडगं सुटून येतं. त्यावर खळीचे चार-पाच थर. उन्हात दोन दिवस तरी वाळू द्या, मधला थर ओला राहिला तर बुरशी धरते. मग बाहेरून गेरू. कडेला थोडा कागद फाडला की फुटकं गाडगं तयार. खर्च म्हणाल तर मूठ-दोन मूठ पिठाचा.

बाबा एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच घालायचे असं सांगतात. काचेची हौस इथं करू नका. पुठ्ठ्याचा रंगवलेला तुकडा दोऱ्यानं कानावर अडकवा.

दाढी पाहिजे असेल तर कापूस तोंडाला डिंकानं चिकटवू नका, कातडी लाल होते. कापडाच्या पट्टीवर कापूस शिवा आणि पट्टीला कानामागं अडकवायला इलॅस्टिक लावा. एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: कापूस क्षणात पेट घेतो. दाढीवालं पोर समई, निरांजन, उदबत्ती यांच्या जवळ उभं करू नका. नायलॉनच्या झगमगीत कापडाचंही तसंच, ते जळताना वितळून अंगाला चिकटतं. दीपप्रज्वलन आधी उरकून घ्या आणि पोरं नंतर आणा, असं शिक्षकांना स्पष्ट सांगा. मुकुट, पंख, शेला यांची नाडी गळ्यात बांधायची नाही, खांद्यावर टाका घालायचा. रंगपंचमीचे रंग तोंडाला लावू नका.

कोणत्या वयाला काय द्यायचं याचा फार विचार नको. लहान्याला फाडणं, चुरगाळणं, हाताचे ठसे. पहिली-दुसरीतल्या पोरांना गोणपाटावर जाड बोथट सुईनं धावदोरा येतो, पोरांनाही येतो, फक्त पोरींनाच बसवू नका. ठिगळं वाकडी आली तर उसवून परत शिवायला जाऊ नका. स्टेजवरून कोणाला दिसत नाहीत आणि पोराला ती आपली वाटतात.

वेष दोन दिवस आधी घालून बघा, अर्धा तास अंगावर ठेवा. टोचतो का, गरम होतं का, आणि मुख्य म्हणजे लघवीला जाता येतं का. हे शेवटचं आपण विसरतो आणि पोर स्टेजवर रडतं.

अजून एक, जरा कडू बोलते. ‘आदिवासी’ म्हणून पोराला काळं फासून कमरेला पानं गुंडाळतात, ‘भिकारी’ म्हणून फाटके कपडे घालतात आणि लोक हसतात. आपल्याच गटांत आदिवासी ताया आहेत, त्यांची लेकरं समोर बसलेली असतात. असे वेष करू नका, दुसरी कोणी करत असेल तर बोला.

गटाची पेटी

येत्या बैठकीत दोन गोष्टी ठरावात घ्या. पहिली, शाळेत आणि अंगणवाडीत जाऊन विनंती करायची की वेष घरी बनवलेलाच असावा, भाड्याच्या वेषाला बक्षीस नसावं. आपण आठ-दहा जणी मिळून गेलो तर ऐकतात, एकटीचं ऐकतीलच असं नाही. दुसरी, ग्रामसंघाची एक पत्र्याची पेटी करायची. प्रत्येकीनं एकच वस्तू द्यायची: जुनी साडी, धोतर, टोपी, गोणपाट, बटणं, काठाच्या पट्ट्या. फेटा एकदा टोपीवर गुंडाळून टाके मारून ठेवला की वर्षानुवर्षं चालतो. वस्तू कोणाकडे गेली ते वहीत लिहायचं. पेटीतून नेताना पैसे नाहीत, परत देताना धुऊन वाळवून द्यायचं. कागदाची गाडगी मात्र पेटीत कोंबू नका, चेपतात. आढ्याला टांगून ठेवा. आणि कपड्यांच्या घड्यांमध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.