ट्रॅक्टरच्या ऑइल सीलची झीज व बदल

नाशिकहून गंगापूर रोडने धरणाच्या दिशेस जाऊ लागले की द्राक्षबागांचा प्रदेश लागतो. येथे औषधफवारणीसाठी ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ. दांड्यावर चालणारा ब्लोअर वापरतात. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस पडल्यास केवडा रोग झपाट्याने पसरतो व फवारणी लांबविता येत नाही. अशा वेळी तेलगळतीमुळे ट्रॅक्टर उभा राहू नये म्हणून छाटणीपूर्वीच सर्व सील तपासावीत.

सीलची रचना : फिरणारा दांडा पेटीबाहेर येतो तेथे तेल आत राखणे व धूळ बाहेर ठेवणे हे सीलचे कार्य होय. पत्र्याचे कडे, रबराची ओठासारखी कड व तिला दांड्यावर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग असे त्याचे भाग असतात.

झिजेची कारणे : उष्णतेने रबर कडक होते. धुळीमुळे कड झिजते व दांड्यावर खाच पडते. बेअरिंग ढिले झाल्यास दांडा हलतो. पेटीचा ब्रीदर मातीने बुजल्यास आतील दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते. मूळ कारण दूर न करता बसविलेले नवे सीलही लवकरच गळू लागते.

तपासणी : संशयित जागा पुसून ट्रॅक्टर थोडा वेळ चालवावा व तेल नेमके कोठून येते ते पाहावे. किंचित ओलसरपणा असल्यास लक्ष ठेवावे; थेंब पडत असल्यास सील बदलावे. मागील आसाचे तेल कोरड्या ब्रेकच्या पट्ट्यांवर गेल्यास ब्रेक धरत नाहीत. भरलेली ट्रॉली ओढताना हे जिवावर बेतू शकते.

पी.टी.ओ. सील बदलण्याची रीत :
१. इंजिन बंद करून किल्ली काढावी. तेल स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे.
२. दांड्यावर ओरखडा न पाडता जुने सील काढावे. त्यावरील आकडे, उदाहरणार्थ ३५-५२-७, म्हणजे आतील व्यास, बाहेरील व्यास व रुंदी मिलिमीटरमध्ये होत. त्याच मापाचे सील आणावे.
३. दांडा नखाने चाचपावा. खाच लागल्यास मेकॅनिककडून बाही बसवून घ्यावी.
४. दांड्याच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळावी व सीलच्या कडेस तेल लावावे.
५. स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवून सील योग्य मापाच्या नळीने सर्व बाजूंनी सारखे ठोकावे. त्यावर हातोडा थेट मारू नये.
६. चिकटपट्टी काढून, ब्रीदर साफ करून तेल खुणेपर्यंत भरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रात्यक्षिक प्रत्येक गावी छाटणीपूर्वी दाखवावे.