डॉट एससीएसएस दिसली की वेबपॅक का अडतो?

प्रश्न : माझा जुना प्रोजेक्ट वेबपॅकवर आहे. जावास्क्रिप्टमध्ये एक एससीएसएस फाइल इम्पोर्ट केली, तर 'या फाइलसाठी योग्य लोडर लागेल' असा एरर येतो. व्हीटमध्ये मात्र 'सॅस' हे पॅकेज टाकताच तीच फाइल मुकाट्याने चालते. असं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वेबपॅकला मुळात जावास्क्रिप्ट आणि जेसन एवढंच कळतं. बाकी जे काही त्याच्या पुढ्यात टाकाल, ते समजावून सांगायला लोडर हवा. व्हीटने सॅस, लेस आणि स्टायलस यांची जोडणी आधीच आत करून ठेवली आहे. कंपायलर तेवढा तुम्ही आणायचा. म्हणजे काम दोन्हीकडे तेच, फक्त वेबपॅकमध्ये ते तुमच्या गळ्यात पडतं.

तीन लोडर लागतील : सॅस-लोडर, सीएसएस-लोडर, स्टाइल-लोडर. कॉन्फिगमध्ये ते नेमके उलटे लिहायचे, स्टाइल आधी आणि सॅस शेवटी, कारण वेबपॅक ही यादी उजवीकडून डावीकडे चालवतो. नवख्यांची निम्मी डोकेदुखी इथेच असते. सॅस-लोडर स्वतः काहीच कंपाइल करत नाही, 'सॅस' पॅकेजकडून करून घेतो. ते वेगळं इन्स्टॉल करा. जुन्या लेखांत त्या जागी 'नोड-सॅस' दिसेल. त्याच्या वाटेला जाऊ नका. ते ज्या लिबसॅसवर उभं आहे, ते 2020 मध्येच डेप्रिकेट झालं.

आता तुम्ही न विचारलेलं, पण लवकरच विचाराल असं. सॅसचं सीएसएस करणं ही एका फंक्शनची गोष्ट आहे. मग प्लगिन लिहिणारे एवढे कशात गुंततात? फाइलींच्या नात्यांत. समजा, तुमची मुख्य फाइल रंगांची एक पार्शियल ओढून घेते. बंडलरला दिसते फक्त मुख्य फाइल. पार्शियल कंपायलरने परस्पर उघडलेली असते. ही खबर बंडलरला कोणी दिलीच नाही, तर वॉच मोडमध्ये तुम्ही रंग बदलून सेव्ह करत बसाल आणि स्क्रीनवर ढिम्म काही होणार नाही. डार्ट सॅस, म्हणजे वरचं 'सॅस' पॅकेजच, सीएसएससोबत वाचलेल्या फाइलींची यादीही देतो. सॅस-लोडर ती वेबपॅकला 'ॲड-डिपेंडन्सी'ने कळवतो. ईएसबिल्ड या दुसऱ्या बंडलरमध्ये हेच काम 'ऑन-लोड' करतो : मजकूर, 'सीएसएस' हा लोडर आणि 'वॉच-फाइल्स' अशा तीन गोष्टी परत करायच्या. स्वतः लिहून बघा, दहा-पंधरा ओळींत होतं. मात्र तिथलं फिल्टर गो भाषेच्या रेगेक्सचं असतं, कारण ईएसबिल्ड स्वतः गोमध्ये लिहिलेला आहे. जावास्क्रिप्टमधलं लुक-अहेड त्यात चालत नाही.

दुसरी खोच चित्रांची. 'कार्ड' नावाची पार्शियल 'घटक' फोल्डरमध्ये आहे आणि बॅकग्राउंडचं चित्र तिच्या शेजारीच ठेवलंय. तुम्ही पाथ कार्डच्या हिशेबाने लिहिता. सॅस तो पाथ जसाच्या तसा पुढे ढकलतो, आणि सीएसएस-लोडर चित्र शोधतो ते मुख्य फाइलच्या फोल्डरमध्ये. अर्थातच सापडत नाही. फाइल समोर दिसतेय आणि एरर म्हणतो नाही, अशा वेळी माणूस आधी स्वतःच्या स्पेलिंगवर संशय घेतो. स्पेलिंग बरोबरच असतं.

यावर दोन वाटा आहेत. सगळे पाथ मुख्य फाइलपासून लिहायचे. छोट्या प्रोजेक्टला मी हेच सुचवेन. नाहीतर सीएसएस-लोडर आणि सॅस-लोडर यांच्या मध्ये रिझॉल्व्ह-यूआरएल-लोडर बसवायचा. कोणता पाथ मुळात कुठल्या फाइलमधून आला, हे तो सोर्स मॅप वाचून ठरवतो. म्हणून सॅस-लोडरच्या ऑप्शन्समध्ये सोर्स मॅप चालू ठेवा, अगदी प्रॉडक्शन बिल्डलासुद्धा.